मोहदरीचं आवतन

यवतमाळकडं कोणी हौसेनं जात नाही, असं आमच्या आळीतल्या झाडून सगळ्यांनी मला सांगितलं. सांगणाऱ्यांतला एकही जण पुण्यापलीकडं गेलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी. तिकडं ऊन फार, तिकडं तिखट फार, तिकडची मराठी कळायची नाही, आणि बाईमाणसानं एकटीनं एवढ्या लांब कशाला तडफडायचं? मी सगळं ऐकून घेतलं आणि पिशवी भरली. चौसष्ट सालचा श्रावण संपत आला होता आणि मला पोळ्याच्या आत पांढरकवड्याजवळच्या मोहदरी नावाच्या गावात पोचायचं होतं. जाऊन आले. आता जे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहिते आहे. ऊन काही मला लागलं नाही. तिखटाबद्दल मात्र आळी खरं बोलत होती.

जायचं कारण आधी सांगते. मी साताऱ्यात शिवणाचा वर्ग चालवते. आईवडील गेल्यापासून मी आणि धाकटा भाऊ शंकर, एवढंच आमचं घर. शंकर बासष्टच्या चीनच्या लढाईत नेफाच्या डोंगरात होता. परत आला तो दोन्ही पायांची बोटं लष्करी दवाखान्यात ठेवून. बर्फानं खाल्ली ती. आता काठी घेऊन चालतो, पण अंगणाबाहेर पडत नाही. बोलणं आधीच बेताचं होतं, ते आणखी आटलं. त्याच्या पेटीत एक पितळी घंटा होती. तिकडच्या लांब केसांच्या गुरांच्या, याकच्या गळ्यात बांधतात तसली, जाडजूड, बसक्या आवाजाची. घंटा त्याची नव्हती, त्याच्या पलटणीतल्या गुलाबची होती. गुलाब मोहदरीचा. आपला लोकरी मफलर एका गुराख्याला देऊन त्यानं ती घेतली होती, घरच्या लाख्या नावाच्या बैलासाठी. रजेवर गेलो की पोळ्याला माझ्या हातानं बांधीन, असं तो साऱ्या पलटणीला सांगत सुटला होता. गुलाब परत आला नाही. घंटा शंकरबरोबर आली.

ती पेटीतच पडून होती. या श्रावणात एका सकाळी शंकरनं ती चिंचेनं घासून लख्ख केली आणि माझ्या मशीनवर आणून ठेवली. म्हणाला, "आक्का, तू जा. लाख्याला बांधा म्हणावं. आणि त्याच्या आईला सांग, तो एकटा नव्हता." तू का नाही जात, असं मी विचारलं तर त्यानं काठी दाखवली. काठी हे खरं कारण नव्हतं. जिवंत परत आलेल्यानं न आलेल्याच्या आईपुढं कोणतं तोंड घेऊन उभं राहायचं, हे कारण होतं. मग त्यानं मला गुलाबच्या शेवटच्या दिवसाची हकीकत सांगितली, पहिल्यांदाच. मी मशीन बंद ठेवून ऐकली.

मूर्तिजापूर ते यवतमाळ

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसले. तिला गाडी म्हणायचं ते केवळ रुळांवरून जाते म्हणून. दोन्ही बाजूंनी कपाशी, मध्ये ज्वारी, पुन्हा कपाशी. आमच्याकडं डोंगर नजर अडवून धरतो. इथं नजर जाते ती जातच राहते, आणि थोड्या वेळानं आपल्यालाच आधाराला काहीतरी हवंसं वाटतं. एका ठिकाणी डोक्यावर टोपली घेतलेली बाई शेतातून पळत येताना दिसली, तर गाडी थांबली. कोणी कुरकुर केली नाही. उलट दोघांनी सरकून तिला जागा दिली आणि तिनं टोपलीतल्या काकड्या डब्यात वाटल्या. साताऱ्यात एस.टी.च्या मागं धावणाऱ्या माणसाला आम्ही फक्त धावताना पाहतो.

यवतमाळला उतरून पांढरकवड्याची मोटार धरली आणि तिथं माझी फजिती झाली. रस्ता खड्ड्यांचा, घंटा पायाशी पिशवीत. प्रत्येक खड्ड्याला 'ढण्ण' असा आवाज निघायचा. मी पिशवीत लुगडं कोंबलं, तरी ती बया बोलायची थांबेना. शेवटी कंडक्टर माझ्यापाशी येऊन उभा राहिला आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, बाई, बकरीचं तिकीट काढा. मी म्हटलं, कसली बकरी? तो म्हणाला, सीटखाली बसवली ती. सगळी मोटार वाकून बघायला लागली, बायकांनी पाय वर घेतले. मला संताप आला आणि हसूही आलं. घंटा बाहेर काढून दाखवावी लागली.

शेजारच्या म्हाताऱ्यानं ती हातात घेतली, हलवली, कान लावून ऐकली आणि म्हणाला, ही आपल्या इकडली नाही. कोणाकडं नेता? मी म्हटलं, मोहदरीच्या गुलाबच्या घरी, तो फौजेत होता. हसणं तिथल्या तिथं थांबलं. कंडक्टरनं टोपी काढून बगलेत धरली. पुढचा सगळा रस्ता म्हाताऱ्यानं घंटा मांडीवर, जीभ बोटांत धरून नेली, वाजू नये म्हणून.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण वेगळ्या मुलखात आलो आहोत. आमच्या साताऱ्याकडं फौजेत जाणं हे शेतावर जाण्यासारखं. घरटी एक जण जातो, काही येतात, काही येत नाहीत, आणि न आलेल्यांची नावं दगडावर कोरून आम्ही त्याला दसऱ्याला हार घालतो. दुःख असतंच, पण ते कसं करायचं हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. इथं त्या साऱ्या टापूतून गुलाब एकटा गेला होता. त्याचं काय करायचं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

पांढरकवडा

पांढरकवडा म्हणजे नागपूर-हैदराबाद सडक आणि तिच्या दोन्ही अंगांना बसलेलं गाव. ट्रका, चहा, टायरांचे ढीग, आणि मागं लगेच जंगल. सागाला फुलोरा आला होता. सगळी झाडं डोक्यावर भाताची पेज सांडल्यासारखी पांढरट दिसत होती.

शंकरनं सांगून ठेवल्याप्रमाणे मी हबीबभाईंचं गॅरेज शोधलं. गुलाब फौजेत जाण्याआधी त्यांच्या हाताखाली होता, तिथंच गाडी हाकायला शिकला. सडकेवरून लष्करी गाड्यांचा तांडा जायचा, त्याकडं बघत बघत एक दिवस नागपूरला जाऊन भरती झाला. हबीबभाईंनी हात पुसून मला घरात नेलं. त्यांच्या बायकोनं, खैरुनबींनी, माझ्या जातीपातीची चौकशी न करता आधी मला वेगळी चूल मांडून देऊ का, असं विचारलं. मी म्हटलं, तुमच्या चुलीला काय झालंय? त्या हसल्या आणि वांग्याची अशी भाजी वाढली की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांना वाटलं, मला गुलाबची आठवण येऊन रडू फुटलं. त्याही रडायला लागल्या. मिरचीनं आलेलं पाणी आहे, असं सांगायची काही माझी हिंमत झाली नाही.

जेवण झाल्यावर हबीबभाईंनी मला परिस्थिती सांगितली. गुलाब बेपत्ता असल्याची तार आधी आली होती. काही महिन्यांनी, तो गेल्याचं सरकारी पत्र आलं. हबीबभाईंनीच दोन्ही वाचून दाखवली. गुलाबच्या वडिलांनी, संपतरावांनी, पत्र मानलं. आईनं, पार्बताबाईंनी, मानलं नाही. आधी म्हणता सापडत नाही, मग म्हणता गेला, उद्या तिसरं काही म्हणाल. कागदाला काय डोळे असतात? चीनमधून कैदी सुटून आले तेव्हा त्या रोज सडकेवर येऊन बसायच्या.

"बाई, जरा जपून," हबीबभाई म्हणाले. "तिच्या सामने थो गेला असं कोणी म्हणत नाई. मी बी नाई म्हणत. घंटी द्या, पोया पाहा अन्‌ सुखानं जा."

मी मान हलवली, पण मनात गोंधळ उडाला. भावानं सांगायला पाठवलं होतं, आणि हा भला माणूस सांगू नका म्हणत होता.

मोहदरीची वाट

हबीबभाईंच्या निरोपावरून दुसऱ्या दिवशी सकाळी संपतराव बंडी घेऊन मला न्यायला आले. बंडी म्हणजे बैलगाडी. उंच, वाळका माणूस, डोक्याला पांढरं फडकं. बैल शेजाऱ्याचे होते. उद्या पोळा, म्हणून लाख्या आणि हरण्याला त्यांनी कालपासून जुंपलं नव्हतं.

अर्ध्या वाटेवर ओढ्याच्या उतारात बंडी रुतली, आम्ही दोघंही उतरलो. मी दोन पावलं टाकली आणि माझी चप्पल जिथल्या तिथं राहिली, पाय पुढं आला. ओढून काढावी तर मातीसकट शेरभर वजनाची झाली. आमची लाल माती धुतली की जाते. ही काळी बाई धरली की सोडत नाही. चपला हातात घेऊन मी अनवाणी चालू लागले, तेव्हा संपतराव पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी मला विचारलं, की तुमच्या भावानं त्याला पाहिलं का? मी म्हटलं, पाहिलं, शेवटपर्यंत जवळ होता. ते बैलांच्या पुढ्यात तसेच उभे राहिले.

"मंग तुमी तिले सांगा," ते म्हणाले. "माह्यं आयकत नाई थे. पितरात मी त्याचं पान मांडतो म्हणलं, तं म्हणते, जित्या माणसाचं पान मांडता? बाई, साऱ्याईचे पितरं जेवते. माहा पोरगा उपाशी हाय."

मला वाटलं होतं की त्यांना दुःख मुलगा गेल्याचं असेल. ते तर होतंच. पण त्यांच्या जिवाला खरा घोर होता तो याचा. पितृपक्षात घरोघरी गेलेल्यांच्या नावानं पानं वाढली जातात आणि त्यांचा मुलगा वाट बघत दाराबाहेर उभा आहे, असं त्यांना वाटत होतं. आई त्याला जिवंत ठेवत होती आणि बाप त्याला जेवू घालू पाहत होता. दोघांचीही माया खरी, आणि दोघं एका घरात एकमेकांशी मोजकंच बोलून राहत होती. मी म्हटलं, सांगेन.

पोळ्याचा आदला दिवस

सांगेन म्हणाले खरी, पण पार्बताबाईंना पाहिलं आणि सांगणं लांबणीवर टाकलं. मला वाटलं होतं, खंगलेली, डोळे लावून बसलेली बाई असेल. तर ही ठेंगणी, खणखणीत, हसरी. दारातच माझ्या चिखलाच्या पायांवर घागरभर पाणी ओतलं आणि म्हणाली, साताऱ्याच्या बाईले आमची माती आवडली वाटते, संगच घेऊन आली. भावाचं विचारलं, साताऱ्यात कपाशी होते का ते विचारलं, माझं लग्न का झालं नाही तेही विचारलं. मी म्हटलं, कोणी पसंत पडला नाही. "बरं झालं," म्हणाली, "पसंत पडला तरी मंग तोच घोर."

जेवायला भाकरी, लसणाच्या फोडणीची अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी होती. जवस मी जन्मात पहिल्यांदा खाल्ला. आमच्याकडं कारळ्याची चटणी असते, पण ही तिच्या वरताण. मी दोनदा मागून घेतली. खात होते आणि मनात शब्द जुळवत होते. भाजी संपली, शब्द जुळले नाहीत. मग भ्याडासारखी पिशवीतून घंटा काढली आणि नुसतं म्हटलं, "ही शंकरनं पाठवली, लाख्यासाठी."

पार्बताबाईंनी घंटा घेतली. चुलीशी पुरणासाठी भिजवलेली डाळ होती, ती बाजूला सारून त्या खाली बसल्या. घंटेवर बोट फिरवलं. संपतराव दाराशी उभे होते, ते हळूच अंगणात गेले.

"ही गुलाबची हाय," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

"त्यानं लिवलं होतं, माय, म्या लाख्याले घंटी घेतली, मीच बांधीन. हबीबभाईनं वाचून दाखवलं." त्यांनी घंटा उलटी करून पाहिली. "थो आपली चीज कोणाले देत नाई. लहानपनी भवरा देल्ला नाई कोणाले. थो असता, तं त्यानं घंटी देल्ली नसती."

त्यांनी वर पाहिलं आणि मला जे विचारलं त्याची मी तयारीच केली नव्हती.

"बाई, माती देल्ली का कोणी त्याले?"

तेव्हा मी सांगितलं. मागं हटायचा हुकूम झाला होता. गुलाबला पोटात गोळी लागली. शंकरनं त्याला पाठीवर घेतलं आणि दिवसभर चालला. बाकीचे पुढं निघून गेले. पहाटे एका ओढ्याकाठी गुलाब गेला. जाताना शुद्धीत होता, लाख्याचं काहीतरी बोलत होता. जमीन गोठलेली, कुदळ नाही. शंकरनं एकेक दगड वाहून आणला आणि त्याच्यावर रचला, लांडगे-कोल्हे उकरणार नाहीत असा. ते होईपर्यंत तो तिथून हलला नाही. बूट फाटलेले होते, त्यात ओढ्याचं पाणी गेलं.

"त्याचे पाय तथीच गेले?" पार्बताबाईंनी विचारलं.

"हो."

"डोस्कं कोणीकडं केलं होतं गुलाबचं?"

"ते मी विचारलं नाही हो," मी म्हटलं. मला स्वतःची लाज वाटली. शंकरनं एवढं सगळं सांगितलं आणि आईला जे हवं तेवढंच मी विचारलं नाही.

"इचारून सांगजा," त्या म्हणाल्या. पदरानं घंटा पुसली, देवळीत ठेवली, आणि डाळ शिजायला टाकली. रडल्या नाहीत. मीच रडले, आणि या खेपेला मिरचीचा काही संबंध नव्हता.

संध्याकाळी गोठ्यात खांदशेकणी झाली. वर्षभर ज्या खांद्यांवर जू असतं ते बैलांचे खांदे कोमट पाण्यानं शेकायचे, मग पळसाच्या पानानं लोणी आणि हळद चोळायची. आमच्याकडं बेंदराला बैलं रंगवतात, मिरवतात, पोळी घालतात, पण आदल्या दिवशी आमंत्रण द्यायची रीत मी पाहिली नव्हती. संपतरावांनी लाख्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्याला बोलतात तसं म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग हरण्यापाशी जाऊन तेच. न बोलावता कोणी कसं जेवेल, मग तो आपल्या घरचा बैल का असेना! आमच्या बैलांना आम्ही इतकी वर्षं बिनआमंत्रणाचं जेवू घालतो आहोत, असं मी म्हटलं, तर संपतराव म्हणाले, मंग थे साताऱ्याचे बैल लय गरीब असतीन.

पार्बताबाई गोठ्याच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी स्वतः आवतन दिलं नाही, तशाच आत गेल्या. संपतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. पार्बताबाईंना सांगून झालंय, हे एवढ्यावरून त्यांना कळलं. ते लाख्याच्या मानेला टेकून उभे राहिले आणि मी घरात निघून आले.

पोळा

सकाळपासून घर पुरणाच्या वासानं भरलं. बैलांना आंघोळी, शिंगांना बेगड, अंगावर गेरूचे ठिपके, कपाळाला बाशिंग. संपतराव एकटेच राबत होते. दुपार कलल्यावर जोडी तोरणाखाली न्यायची वेळ आली, तेव्हा पार्बताबाई देवळीतली घंटा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी ती स्वतः लाख्याच्या गळ्यात बांधली. नवा दोर होता. सकाळीच कधीतरी वळून ठेवला असावा.

गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याखाली गावची सगळी बैलं ओळीनं. ढोल, सनई, आणि मधूनच कोणी उठून झडती म्हणायचा. झडती म्हणजे चार ओळींची चेष्टा. पाटलापासून पुजाऱ्यापर्यंत कोणाला सोडत नाहीत, आणि शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर करतात. गुलाब झडत्यांत पटाईत होता म्हणे.

लाख्या तोरणाच्या अलीकडं थांबला. पाऊल टाकलं की गळ्यात 'ढण्ण' व्हायचं, तो आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. कान ताठ, डोळे मोठे, आणि चारही पाय जमिनीत रोवलेले. मागची सारी ओळ अडली. संपतरावांनी ओढलं, चुचकारलं, दोघांनी मागून रेटलं. लाख्या म्हणजे देवळापुढचा नंदी झाला. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी झडती जुळवली:

"घंटी आली डोंगरातून,
लाख्या हालेना जागेवरून,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सगळे हसले, आणि हसता हसता बऱ्याच जणांच्या लक्षात आलं की घंटा कोणाची आहे. आवाज हळूहळू खाली आला.

बायका लांब वडाखाली उभ्या असतात. त्यांतून पार्बताबाई निघाल्या आणि सरळ पुरुषांच्या गर्दीतून लाख्यापाशी गेल्या. त्यांनी घंटेची जीभ मुठीत धरली, आवाज बंद केला, आणि दुसरा हात त्याच्या मानेवर ठेवला.

"चाल," त्या म्हणाल्या. "लय हौसेनं घेतली होती तुह्यासाठी. हौशी होता माहा पोरगा."

अख्ख्या गावानं ते ऐकलं. संपतरावांनी कासरा सोडून फडक्यात तोंड घातलं. लाख्या चालला. थोडं पुढं गेल्यावर पार्बताबाईंनी मूठ उघडली, घंटा वाजली, आणि लाख्या त्या आवाजासकट तोरणाखालून गेला.

संध्याकाळी जोडी घरी आली. ओवाळून झालं, पुरणपोळी बैलांना आणि मग आम्हाला. सोबत कढी आणि भजी. पार्बताबाई आणि संपतराव एका ओळीत जेवायला बसले. पितरांतली कुठली तिथी घ्यायची, असं संपतरावांनी मला विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडं हत्यारानं गेलेल्यांची चतुर्दशी धरतात. त्या दिवशी आमच्या तालुक्यात घरोघरी चुली पेटतात. "घरोघरी?" पार्बताबाईंनी विचारलं आणि कितीतरी वेळ पोळी हातात धरून बसल्या. आपल्यासारख्या इतक्या आया कुठंतरी आहेत, हे त्यांना नवीन होतं.

शिवेवर

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. पोळ्याला दारादारांत पळसाच्या डहाळ्या, मेढे म्हणतात त्यांना, ठेवलेल्या असतात. त्या सकाळी काढून, मारबत नावाच्या अवदसेला, रोगराई घेऊन जा गं मारबत, असं ओरडत गावाबाहेर नेऊन टाकतात. माझी बंडी त्या आरोळ्यांतूनच निघाली. पार्बताबाई शिवेपर्यंत चालत आल्या. हातात पळसाचं पान होतं.

शिवेवर त्यांनी बंडी थांबवली. सडकेकडं जाणाऱ्या वाटेवर ते पान ठेवलं. त्यावर लोणी होतं, हळद होती. मग वाकून, माणसाशी बोलतात तशा शांतपणे म्हणाल्या,

"गुलाब, आज आवतन घे बापा. पितरात जेवाले ये."

संपतराव कासरा धरून उभे होते. मग त्या उठल्या आणि माझ्याकडं वळल्या. पितराच्या पाटावर जितं माणूस बसवावं लागतं, त्याच्या तोंडून गेलेला जेवतो. तिथं गावातलं कोणी बसवणार नाही, असं त्या म्हणाल्या. ज्यानं माती दिली तोच बसेल. पाय नाहीत तर सडकेवर बंडी धाडू, लाख्याला जुंपून. घंटी ऐकली की उठायचं, बस्स. शंकरसाठीचा हा निरोप त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवायला लावला, मी विसरेन म्हणून.

सातारा

घरी पोचले तेव्हा शंकर अंगणातच बसला होता. मी सगळं सांगितलं. झडतीशी आल्यावर तो हसला. त्याला हसताना मी कधीपासून पाहिलं नव्हतं. शिवेवरचं सांगताना त्यानं काठी आडवी मांडीवर घेतली आणि तिच्याकडंच बघत राहिला. डोकं कुठं केलं होतं, ते आईनं विचारलंय, असं मी म्हटलं. तो लगेच म्हणाला, "वरच्या अंगाला. पाय उताराकडं. उतार आपल्या मुलखाकडं जात होता. लिहून कळव त्यांना."

"मी नाही लिहिणार," मी म्हटलं. "तू सांग."

गणपती बसले, उठले. मी विषय काढला नाही. पितृपक्ष लागला तसं त्यानं पेटीतून बूट काढले. बोटांच्या जागी बूट रिकामे राहतात, म्हणून मी त्यात कापूस भरून दिला. त्याला गाडीत बसवायला स्टेशनवर गेले. काठी, पिशवी, आणि पिशवीत खैरुनबींसाठी आमच्याकडची कारळ्याची चटणी. गाडी हलायच्या बेतात असताना त्यानं खिडकीतून माझा हात धरला.

"आक्का, त्या पाटावर बसल्यावर मी काय म्हणायचं असतं?"

"काही म्हणायचं नसतं," मी म्हटलं. "पोटभर जेव."